जोडपट्टी

तपासायला माणूस येणार म्हटल्यावर त्रिशलाबाईंनी घर आवरलं, आणि सगळं तिथंच बिघडलं.

आता यात त्या बिचारीचं काय चुकलं, सांगा! परकं माणूस घरात येणार, चहा घेणार, चार ठिकाणी नजर फिरवणार. चौगुल्यांच्या घरात पसारा दिसला असं कुणी म्हटलेलं त्यांना खपलं नसतं. सकाळपासून पदर खोचून त्या कामाला लागल्या. दिवाणावरची चादर बदलली, ओल्या कपड्यांची बादली गॅलरीत दडवली. नवऱ्याला, म्हणजे सुकुमारअण्णांना, न्हाऊ घातलं, त्यांची दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि पंख्याखालच्या खुर्चीत असं नीटनेटकं बसवलं, की बघणाऱ्याला वाटावं हे गृहस्थ आत्ता उठून ड्युटीवर निघतील.

अण्णांची ड्युटी संपून जमाना लोटला होता. उभी हयात त्यांनी एस.टी. चालवली. आंबा घाट त्यांना तळहातासारखा पाठ होता. आता सांगलीतल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातून न्हाणीघराची वाट त्यांना सापडत नव्हती. आधी डोकं विसरलं, मग त्याच्या मागोमाग अंगही विसरत चाललं. उठवावं लागे, बसवावं लागे, घास भरवावा लागे, अंथरुणात कूस बदलून द्यावी लागे. हे सगळं त्रिशलाबाई करत होत्या, आणि करता करता त्यांचा मणका गेला. डॉक्टरांनी फोटो दाखवून स्वच्छ सांगितलं, "काकू, यापुढं यांना उचलत राहिलात तर तुम्हीही अंथरुण धराल. मग दोघांना कोण बघणार?"

कोण बघणार, हेच तर कळत नव्हतं. एकुलती एक लेक, स्नेहल, हुबळीला. नोकरी आणि अंथरुणाला खिळलेली सासू यांत तिचा जीव मेटाकुटीला आलेला. बाई ठेवावी म्हटलं तर बाई मिळत नव्हती. घरोघरी म्हातारी माणसं आणि त्यांना सांभाळणारे हात थोडे, असे दिवस आले होते. जे हात होते ते सरकारच्या ज्येष्ठाधार योजनेनं शिकवून, पगार देऊन आपल्याकडं घेतले होते. योजनेनं मंजुरी दिली की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक सेविका घरी येई, माणूस असेपर्यंत. नाही दिली तर बसा हात चोळत.

ही मंजुरी कुणाला द्यायची ते ठरवायला कौसर शिकलगार आली होती. तिशीची मुलगी, मिरजेची, बोलायला गोड. तिनं पिशवीतून दोन पट्ट्या काढल्या. घड्याळाच्या पट्ट्यापेक्षा थोड्या रुंद, मऊ, राखाडी रंगाच्या, आणि प्रत्येकीवर मोहरीएवढा दिवा. एक तिनं अण्णांच्या हातावर, कोपराच्या खाली बांधली, आणि दुसरी त्रिशलाबाईंपुढं धरली.

"मला कशाला गं? आजारी हे आहेत की."

"नियमच आहे काकू. घरात जे सांभाळतंय, त्यालाही बांधायची. म्हणून तर हिला जोडपट्टी म्हणतात."

जोडपट्टी का निघाली, त्याची गोष्ट काही फार अभिमानाची नाही. योजना सुरू झाली तेव्हा लोकांनी नुसता धुमाकूळ घातला होता. धडधाकट आजोबांना पांघरूण घालून झोपवायचं, सेविका पदरात पाडून घ्यायची आणि तिला धुणीभांडी करायला लावायची. डॉक्टरांचे दाखलेही हवे तसे मिळत. मग कुणा हुशार माणसांनी हे यंत्र बनवलं. आपण हात हलवतो तेव्हा मेंदूकडून स्नायूला हुकूम जातो, आणि तो हुकूम म्हणजे विजेची बारीकशी लहर असते. ती कातडीवरून मोजता येते. एका पट्टीनं म्हाताऱ्याच्या स्नायूंची लहर मोजायची, दुसरीनं सांभाळणाऱ्याची, आणि दोन्ही एकमेकींशी ताडून बघायच्या. खुर्चीतून उठताना म्हाताऱ्याचा जोर किती आणि त्याला उठवणाऱ्याचा किती, हे लगेच बाहेर पडतं. पट्टीला रडून दाखवून उपयोग नाही, लाच देऊन उपयोग नाही. घरात आधार किती आहे तेवढं ती सांगते, आणि त्या आकड्याला म्हणायचं आधारांक.

"अण्णा, कुठल्या डेपोत होता तुम्ही?" कौसरनं विचारलं.

अण्णा पंख्याकडं बघत राहिले.

"मिरज ना हो? सांगा की," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"मिरज," अण्णा म्हणाले.

"चहा घेता?"

"घेतात की. साखर कमी लागते त्यांना," असं म्हणून त्रिशलाबाईंनी कप त्यांच्या ओठाला लावला, खाली बशी धरली आणि हनुवटीवरचा थेंब पदरानं टिपलासुद्धा. हे सगळं इतक्या सराईतपणे, की त्यांना स्वतःलाही ते कळलं नाही. कौसरला पोहे, चिवडा, वरून लाडू. जाताना त्या तिला म्हणाल्या, "तसं आमचं काही अडत नाही गं, फक्त जरा हाताखाली कुणी असलं तर बरं." माणूस असंच बोलतं हो. परक्यापुढं रडगाणं कोण गातं?

पट्ट्या काही दिवस अंगावर राहिल्या. मग फोनवर निरोप आला: घरात पुरेसा आधार उपलब्ध आहे. योजनेचा नियमच तसा होता, आधी घरातला आधार, तो संपला की योजनेचा. नवऱ्याला उचलून उचलून मणका मोडून घेतलेली बाई योजनेच्या लेखी पुरेसा आधार ठरली. त्रिशलाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या तपासणीची मुदत आली तेव्हा कौसर पुन्हा आली. पट्ट्या बांधल्या आणि निघताना दारात थबकली.

"काकू, मी हे बोलणं बरोबर नाही. पण या वेळी त्यांना हात लावू नका."

"म्हणजे?"

"ते एकटे असते तर जे झालं असतं ते होऊ दे. पट्टीला दिसू दे."

त्रिशलाबाईंनी मनावर दगड ठेवायचं ठरवलं. ठरवणं सोपं असतं. सकाळी अण्णा जागे झाले आणि रोजच्यासारखा त्यांनी हात पुढं केला. "अगं, हात दे की." त्रिशलाबाई खिडकीपाशी होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी गज धरले. अण्णा कोपरावर उठायला बघत, निम्मे उठत, परत पडत. तीनदा, चारदा. मग त्यांनी प्रयत्न सोडला आणि थोड्या वेळानं गादीवर ओल पसरली. अण्णांना ते कळलं. सगळं विसरलेल्या माणसाला लाज मात्र शिल्लक होती. त्यांनी चादर ओढून पायांवर घेतली आणि बायकोकडं बघितलं.

"रागावलीस होय गं?"

त्रिशलाबाईंनी गज इतके घट्ट धरले की बोटं पांढरी पडली. त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर धावल्या असत्या.

त्या दिवसांत अण्णांनी शर्टाची बटणं लावायचा खटाटोप केला आणि शेवटी शर्ट उलटा घालून बसले. पाण्याचा तांब्या सांडला. कसेबसे उठून, भिंत धरत न्हाणीघरात शिरले, तिथं घसरले आणि ओल्या फरशीवर फतकल मारून बसले, कोवळ्या पोरानं तक्रार करावी तसं पुटपुटत. दारात उभ्या राहून त्रिशलाबाईंनी ते बघितलं आणि खालच्या वॉचमनला हाक मारून त्याच्याकडून त्यांना उठवून घेतलं. त्या दिवशी त्रिशलाबाईंच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. पण हात लावला नाही, हेही खरं. आता तरी मंजुरी मिळणार, याची त्यांना खात्री होती.

निरोप आला: घरात पुरेसा आधार उपलब्ध आहे.

कौसर आली तेव्हा त्रिशलाबाईंनी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. "तुझं यंत्र बिघडलंय का तुझं डोकं?" त्यांचा आवाज चढला. "मी एक बोट लावलं नाही त्यांना! एक बोट! माणूस डोळ्यांदेखत पडत होता आणि मी खांबासारखी उभी होते. आणखी काय करायचं होतं मी?"

कौसर खाली बसली. "काकू, अण्णांच्या गाडीत तुम्ही कधी पुढं बसला होता, त्यांच्या शेजारी?"

"खूपदा. त्याचं काय आता?"

"घाटात समोरून एकदम ट्रक आला की तुम्ही काय करायचा?"

"काय करणार? पाय दाबायचे. आपोआप दाबला जातो."

"तिथं ब्रेक असतो?"

"नसतो की."

"हे तसंच आहे," कौसर हळूहळू सांगू लागली. "आपण हात पुढं करायच्या आधीच मेंदूचा हुकूम सुटलेला असतो. आपण मग तो अडवतो, हात मागं धरून ठेवतो. पण हुकूम स्नायूपर्यंत थोडासा पोचतोच. बाहेरून हात जागच्या जागी असतो, आत लहर उठलेली असते. पट्टीला ती दिसते. अण्णा जितक्या वेळा डळमळले तितक्या वेळा तुमच्या हातात लहर आली. एकदाही चुकली नाही. यंत्राच्या हिशेबानं, ज्या घरात अशी लहर आहे त्या घरात म्हाताऱ्याला धरणारं माणूस आहे. आज धरलं नसेल, उद्या धरेल."

"म्हणजे मी धरलं नाही तरी धरलंच?"

"पट्टीच्या लेखी, हो."

"अगं, पण आपलं माणूस पडायला लागलं की हे कुणाचंही होणार!"

"नाही होत काकू, सगळ्यांचं." कौसरनं मान खाली घातली. "गेल्या महिन्यात एका घरी गेले होते. आजी पलंगावरून घसरत होत्या. मुलगा तिथंच, हातभर अंतरावर, मोबाईल बघत. त्याची पट्टी एकदम निवांत. त्यांना दुसऱ्याच दिवशी सेविका मिळाली."

त्रिशलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मेल्याला सेविका, आणि मला नाही? ज्यानं आईला वाऱ्यावर सोडलं त्याच्या दारात योजना हात जोडून उभी, आणि मी जीव काढून करते म्हणून मला शिक्षा? हा कुठला न्याय म्हणायचा? त्यांनी हे सगळं कौसरला ऐकवलं. पण कौसर काय बोलणार, तिनं का नियम केले होते? तिनं एवढंच सांगितलं की तिसरी तपासणी शेवटची, ती सहा महिन्यांनी होईल, आणि तोवर पट्ट्या अंगावरच राहतील. जाता जाता तिनं पट्टीवरच्या मोहरीएवढ्या दिव्याकडं बोट दाखवलं. "हा आजपासून चालू केलाय. अण्णा डळमळले आणि तुमच्या हातात लहर आली की हा लागतो. तुम्हाला दिसावं म्हणून सांगते."

ती गेल्यावर अण्णांनी खुर्चीतून उठायची खटपट केली. त्रिशलाबाईंच्या हातावरचा दिवा टचकन लागला. त्या हिरव्या ठिपक्याकडं त्या बघत राहिल्या. मग पाठीला हात लावून कण्हत उठल्या आणि अण्णांना उठवायला गेल्या, आणि वाकताना पाठीतून अशी कळ गेली की दोघंही खुर्चीत कोसळले. खुर्ची होती म्हणून वाचले. डॉक्टर म्हणाले होते ते दूर नव्हतं. एके दिवशी दोघं दोन पलंगांवर पडून राहणार आणि पाणी द्यायलाही कुणी नसणार. त्रिशलाबाईंनी त्या दुपारी ठरवलं की दिवा विझवायचा. एकदा सेविका घरात आली की सगळं पुन्हा पहिल्यासारखं करता येईल. मग उचलायचं काम तिचं आणि आपण नुसतं त्यांच्याजवळ बसायचं, हात हातात घेऊन. तेवढ्यासाठी सहा महिने दगड व्हायचं.

सुरुवातीला उलटंच व्हायचं. जितकं अडवावं तितका दिवा जास्त लागे. अण्णांच्या हातून वाटी निसटली, दिवा. अण्णांना ठसका लागला, दिवा. नुसतं "अगं" म्हणाले, तरी दिवा. त्रिशलाबाई दात-ओठ खाऊन हात मांडीखाली दाबून बसत आणि तो हिरवा ठिपका त्यांना वेडावून दाखवी. मग एक दिवस त्यांना युक्ती सापडली. अडवायचंच नाही. बघायचंच नाही. म्हणजे डोळे उघडे ठेवायचे, पण समोर अण्णा आहेत असं समजायचं नाही. भिंतीवरचा डाग बघायचा. उद्या भाजी कुठली करायची ते मनात आणायचं. समोर जे डुगडुगतंय ते कुणीतरी आहे, असेल कुणीतरी. त्या दिवशी अण्णा उंबऱ्यापाशी अडखळले, स्वतःच दाराची चौकट धरून सावरले, आणि दिवा लागला नाही. त्रिशलाबाईंना आनंद झाला. खोटं कशाला बोला, परीक्षेत पास झाल्यासारखा आनंद झाला. मग त्यांना त्या आनंदाची शिसारी आली, पण सराव त्यांनी सोडला नाही.

सगळ्यात कठीण होतं ते संध्याकाळचं जेवण. चौगुले जैन, दिवस मावळला की घरात कुणी खायचं नाही. अण्णांनी हा नेम एस.टी.च्या धावपळीतही कधी मोडला नव्हता. ड्युटीवर असले तर डब्यातली भाकरी वाटेतल्या स्टँडवर उन्हं असतानाच खाऊन घेत. आता बायकोचं नाव आठवत नव्हतं, लेकीचा चेहरा ओळखीचा वाटत नव्हता, पण खिडकीतला उजेड गेला की तोंड मिटायचं, हे त्यांना बरोबर कळत होतं. एकदा मिटलेलं तोंड मग कुणाच्या बापाला उघडत नसे. म्हणून त्रिशलाबाई चारलाच ताट घेऊन बसायच्या. दुधात भाकरी कुस्करायची, एकेक घास गोंजारून द्यायचा, गिळला का बघायचं, दुसरा द्यायचा. उन्हं उतरायच्या आत कसंबसं पोट भरायचं.

सरावाच्या दिवसांत त्या ताट समोर ठेवत आणि शेजारी बसत. भरवत नसत. अण्णा भाकरीकडं बघत, मग बायकोकडं बघत, मग बोटांनी दूध ढवळत बसत. एखादा घास तोंडापर्यंत जाई, बाकीचं मांडीवर. थंडीचे दिवस, संध्याकाळ लवकर होई. उजेड गेला की अण्णा मान फिरवत आणि त्रिशलाबाई ताट उचलत. पहिल्या आठवड्यात त्या मोरीत ताट ठेवून रडल्या. पुढं रडू थांबलं.

अशाच एका संध्याकाळी ताट उचललं. भाकरी जवळजवळ तशीच होती. अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं, मग पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "मी जेवलो काय गं?"

"जेवलात," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"असं होय," अण्णा म्हणाले. त्यांना पटलं. बायको खोटं का बोलेल?

त्रिशलाबाईंनी हातावर नजर टाकली. दिवा लागला नव्हता.

स्नेहलचा फोन यायचा, चेहरा दाखवून बोलायची. "आई, बाबा किती वाळलेत गं. खातात ना नीट?"

"वय झालं की माणूस वाळतंच," त्रिशलाबाई म्हणायच्या आणि फोन दुसरीकडं वळवायच्या. "तू तुझ्या सासूकडं बघ. इथलं मी बघते." आवाजात ओलावा नव्हता, हे स्नेहलला जाणवलं असेल तरी तिला वेळ कुठं होता विचारायला.

अण्णांचंही एक होत होतं. पूर्वी ते दर चार मिनिटांनी हाक मारायचे. हळूहळू हाका कमी झाल्या. हात पुढं करणं थांबलं. उठायचं झालं तर ते भिंतीला धरत, नाहीतर बसूनच राहत. त्रिशलाबाईंना वाटलं, आजार वाढला. तसंही असेल. पण जी हाक रोज रिकामी परत येते ती मारायला कुत्रंसुद्धा विसरतं, आणि अण्णा तर माणूस होते.

तिसऱ्या तपासणीला घर आवरलेलं नव्हतं. कौसरनं दोघांच्या पट्ट्या तपासल्या आणि फोनवर सहा महिन्यांच्या लहरींच्या रेघा बघितल्या. शेवटची चाचणी समोरच घ्यायची होती. अण्णांना खुर्चीत बसवायचं, त्रिशलाबाईंनी हातभर अंतरावर उभं राहायचं आणि अण्णांनी एकट्यानं उठायचं.

"अण्णा, उठा बघू," कौसर म्हणाली.

अण्णांनी खुर्चीचे हात धरले. अंग थरथरत वर आलं, गुडघे ताठ झाले न झाले, आणि ते पुढं झुकले. कौसर मागं तयारीतच होती, तिनं काखेत हात घालून धरलं, तरी त्यांचं डोकं त्रिशलाबाईंच्या खांद्याला घासून गेलं. त्रिशलाबाई हलल्या नाहीत. त्या भिंतीवरचा डाग बघत होत्या. दिवा विझलेला होता.

कौसरनं अण्णांना नीट बसवलं, त्यांचा शर्ट सारखा केला. मग तिनं त्रिशलाबाईंकडं बघितलं आणि पटकन नजर वळवली.

"मंजूर होईल काकू."

"चहा टाकते."

"नको," कौसर म्हणाली. तिनं दोन्ही पट्ट्या सोडवल्या, पिशवीत टाकल्या आणि चपला पायात सरकवून निघाली. पूर्वी ती जिन्यातून वळून "येते हं काकू" म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही.

रेणुका कांबळे आली ती सोमवारी. जयसिंगपूरची पोरगी, धिप्पाड, सदा हसतमुख, कामाला वाघीण. आल्या आल्या तिनं अण्णांना असं अलगद उचललं की त्रिशलाबाई बघत राहिल्या. "चला आजोबा, गाडी सुटायची वेळ झाली," म्हणत ती त्यांना न्हाणीघरात नेई, अंगाला तेल चोळी, उन्हं असताना चार वेळा घास भरवी. अण्णा महिनाभरात अंगानं भरले. रेणुकाच्या गाण्याला ते टाळी वाजवत. त्रिशलाबाईंची पाठ बरी होऊ लागली. त्या वरच्या मजल्यावरच्या बायकांत बसू लागल्या. सगळं कसं मनासारखं झालं, असं बायका म्हणत आणि त्या मान डोलावत.

ठरल्याप्रमाणे त्या अण्णांजवळ जाऊनही बसल्या. त्यांचा हात हातात घेतला. तो हात गार आणि कोरडा होता, आणि त्रिशलाबाईंना तो घेऊन काय करायचं ते सुचेना. पूर्वी सुचावं लागत नव्हतं. थोडा वेळ धरला, मग खुर्चीच्या हातावर परत ठेवून दिला. होईल हळूहळू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. इतके दिवस सवय मोडली, तशी परत लागेल. रोज दुपारी त्या नेमानं जाऊन बसायच्या आणि दर वेळी थोड्या लवकर उठायच्या.

त्या दिवशी रेणुका गॅलरीत कपडे वाळत घालत होती. अण्णा खुर्चीत, त्रिशलाबाई शेजारच्या स्टुलावर. बाहेर कुठंतरी गाडीचा हॉर्न वाजला. अण्णांच्या काय मनात आलं कोण जाणे, ते एकदम उठायला लागले. उठले, दोन पावलं टाकली, आणि त्यांचा पाय जाजमाच्या कडेला अडकला.

त्रिशलाबाईंनी सगळं बघितलं. या वेळी त्या भिंतीकडं बघत नव्हत्या, नवऱ्याकडंच बघत होत्या. हे पडणार, हे त्यांना दिसलं. धरायला पाहिजे, हेही कळलं. त्यांचे डोळे भरले, आणि त्या आपल्या हाताची वाट बघत बसल्या, जशी आपण दुसऱ्या कुणी यायची वाट बघतो तशी. हात मांडीवरच होता. अण्णा त्यांच्या गुडघ्याला लागून खाली गेले आणि फरशीवर कंबर आपटल्याचा आवाज झाला.

रेणुका ओल्या हातांनी धावत आली. "आजोबा! अगं आई गं!" तिनं गुडघे टेकले, अण्णांची मान हातावर घेतली आणि वर बघितलं. "काकू, तुम्ही इथंच होता की! धरलं का नाही?"

"नाही आला गं," त्रिशलाबाई म्हणाल्या.

"काय नाही आला?"

 त्रिशलाबाई स्टुलावरून उतरून खाली बसल्या, अण्णांच्या अगदी जवळ. अण्णा वेदनेनं कण्हत होते. कुणीतरी धरावं म्हणून त्यांनी हात उचलला. त्रिशलाबाईंचा चेहरा त्यांच्या समोर, वीतभर अंतरावर होता. अण्णांनी त्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि हात त्यांच्या बाजूनं पलीकडं नेऊन रेणुकाचा दंड धरला.